पॅव्हेलियनच्या बाहेरचा चहा

दर वर्षी १५ एप्रिलला आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अमेरिकेतले सहकारी एकच आकडा टाकतात : ४२. पहिल्या वर्षी मला वाटलं सर्व्हरवर काहीतरी फुटलंय. मग कळलं की त्या दिवशी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू, कुठल्याही टीमचा असो, ४२ नंबरचा शर्ट घालून खेळतो. एरवी हा नंबर कुणालाच मिळत नाही. १९९७ साली सगळ्या टीम्सनी मिळून तो कायमचा बाजूला ठेवला, कारण तो जॅकी रॉबिन्सनचा होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरलेला हा माणूस म्हणजे विसाव्या शतकातल्या मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

मी चेंबूरला राहतो. आमच्याकडे १४ एप्रिलची रात्र कशी असते हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. मिरवणुका, निळे झेंडे, पहाटेपर्यंत डीजे. त्यामुळे जयंतीचा आवाज कानातून जायच्या आतच फोनवर ४२ यायला लागतात. हा निव्वळ कॅलेंडरचा योगायोग आहे हे मान्य. पण त्या योगायोगामुळे मी जॅकी रॉबिन्सनबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता भलत्याच ठिकाणी पोचलो. पुण्यातल्या एका क्लबच्या मैदानावर, १८९०च्या दशकात, चहाच्या सुट्टीत.

मैदानावर हिंदूंची टीम आहे. सामना युरोपियनांशी. सुट्टी होते, सगळे पॅव्हेलियनमध्ये जातात आणि चिनीमातीच्या कपातून चहा पितात. टीमचा सगळ्यात चांगला बोलर मात्र बाहेर उभा राहतो. त्याला चहा मातीच्या भांड्यात येतो, पिऊन झाला की ते फेकून द्यायचं. तोंड धुवायला पाणी लागलं तर क्लबचा एखादा दलित नोकरच ते घेऊन येतो, तेही मैदानाच्या कोपऱ्यात. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं. सुट्टी संपते. तोच बोलर बॉल हातात घेतो, टाकतो, यष्टिरक्षक तो पकडतो, फिल्डरकडे देतो, तिथून तो फिरत फिरत परत बोलरकडे येतो. बॉल चामड्याचा. त्यावर घाम सगळ्यांचा. त्याने मात्र कुणी बाटत नाही.

या बोलरचं नाव बाळू पालवणकर.

इथे नावाबद्दल थोडं बोलायलाच हवं. जुने स्कोअरकार्ड काढून बघा. डी. बी. देवधर, एम. डी. पै अशी नावं दिसतील, म्हणजे आद्याक्षरं आणि मग आडनाव. पालवणकर भावांची नावं मात्र पी. बाळू, पी. शिवराम, पी. विठ्ठल. आडनाव आद्याक्षरात गेलं आणि हाक मारायचं नाव तेवढं उरलं. १९३२च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांच्या यादीतही ते ‘पी. बाळू’च आहेत. असं का झालं याचा माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे तर्क लढवत नाही. पण या लेखात मी त्यांना अहो-जाहो करणार आहे. खेळाडूंना अरे-तुरे करायची आपली सवय प्रेमाची असते हे खरं, पण इथे ते प्रेम मला थोडं संशयास्पद वाटतं.

पालवणकर कुटुंब चांभार समाजातलं, मूळ कोकणातलं, वडील लष्करी नोकरीत. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर मुलं खेळायला शिकली. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून मेंबरांना बोलिंग टाकायची. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार ४ रुपये. काम तेच, वर नेट्स बांधणं आणि टेनिस कोर्टावर रेघा मारणं. तिथे एका मेंबरने त्यांना नेट्समध्ये बोलिंग टाकायला लावली आणि लक्षात आलं की हा डावखुरा माणूस स्पिन टाकतो म्हणजे काहीतरी वेगळंच टाकतो.

त्या क्लबचा सगळ्यात भारी बॅट्समन कॅप्टन जे. जी. ग्रेग. हा पुढे हॅम्पशायर काउंटीकडून खेळला आणि नंतर, कथेचा काही संबंध नसताना सांगतो, कॅथलिक धर्मगुरू झाला. ग्रेग म्हणे इतरांच्या आधी येऊन तासभर बाळूंच्या बोलिंगवर सराव करायचा आणि ज्या ज्या वेळी आउट होईल त्या त्या वेळी त्यांना आठ आणे द्यायचा. आठ आण्यांची ही गोष्ट दंतकथेत जमा करा हवं तर. पण त्या काळची एक खात्रीची बाब मला जास्त सांगण्यासारखी वाटते. क्लबात बाळूंनी साहेबांना अक्षरशः हजारो बॉल टाकले असतील, पण त्यांना बॅटिंग कधी मिळाली नाही. बॅटिंग साहेबांसाठी. घाम गाळून टाकायचं काम नोकराचं. व्यावसायिक खेळाडू हा शब्द आज आपण कोटींच्या लिलावाबरोबर वापरतो. आपल्याकडचा हा सुरुवातीचा व्यावसायिक रोलर ओढायचा.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचं होतं. टीममधल्या तेलुगू मंडळींना बाळू हवे होते, पुणेरी ब्राह्मणांना नको होते. शेवटी ग्रेगनेच जाहीरपणे सांगितलं की अशा बोलरला बाहेर ठेवणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. बाळू टीममध्ये आले. चहा मात्र बाहेर राहिला.

आता अमेरिकेकडे जाऊ. तिथे उलटं होतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या टीमकडून वरच्या पातळीवर ४२ सामने खेळला. हो, ४२च. हाही योगायोग. त्यानंतर दार बंद झालं. १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी मतदान घेऊन ठरवलं की यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. मेजर लीगमध्ये असा लेखी नियम नव्हता, त्याची गरजच पडली नाही. पुढची साठ वर्षं सगळ्यांनी तो पाळला. मग कृष्णवर्णीयांनी स्वतःच्या टीम्स काढल्या, स्वतःच्या लीग काढल्या. १९२० मध्ये कॅन्सस सिटीत रूब फॉस्टर याच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीग उभी राहिली. त्या दुनियेत सॅचेल पेजसारखा पिचर होता, जॉश गिब्सनसारखा बॅटर होता. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी गेला. रॉबिन्सन मैदानात उतरायला तेव्हा तीन महिने बाकी होते.

म्हणजे अमेरिकेने माणूस मैदानाबाहेर ठेवला. आपण त्याला मैदानात घेतलं आणि पॅव्हेलियनबाहेर ठेवलं. माझ्यासारख्या डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला यातला एक परिणाम लगेच दिसतो. बाळूंचे आकडे व्यवस्थित शिल्लक आहेत : प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. स्कोअरबुकात जातीचा रकाना नसतो. गिब्सनचे आकडे मात्र ‘अधिकृत’ खेळाच्या बाहेर पडून होते. संशोधकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक सामना शोधून काढला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने नीग्रो लीग्सना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ मध्ये २,३०० हून जास्त खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदींत सामावून घेतले. त्या दिवशी टाय कॉबची .३६७ ही कारकिर्दीची सरासरी पहिल्या नंबरवरून खाली आली आणि गिब्सनची .३७२ वर गेली. आपल्याकडे असं काही करायचं म्हटलं तर कुठला डेटा कुठे जोडणार? आपल्याकडे जे राहिलं ते आकड्यात मावणारं नाही.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. इथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायचं की नाही यावर पुन्हा तोच वाद. कॅप्टन कीर्तिकरांनी आग्रह धरला म्हणून ते आत आले. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी लागली आणि रेल्वेकडूनही ते खेळायला लागले. मुंबईत एक गोष्ट बदलली : टीममेट त्यांच्याबरोबर जेवायला बसू लागले. पुण्यात असताना साताऱ्याच्या युरोपियनांविरुद्ध बाळूंनी सामना जिंकून दिला तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी टीमला सुनावलं होतं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला काय हरकत आहे. ते खऱ्या अर्थाने अमलात आलं ते मुंबईत, काही वर्षांनी.

चेंबूरहून हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरा आणि आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला चालत जा. तिथे बॉम्बे जिमखाना आहे. फेब्रुवारी १९०६ मध्ये याच मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. ज्या जिमखान्यात भारतीयांना मेंबर होता येत नव्हतं, त्याच्याच मैदानावर. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केले, युरोपियन १९१वर आटपले. दुसऱ्या डावात हिंदू १६०. मग युरोपियन १०२वर ऑल आउट. १०९ धावांनी विजय. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून ८ बळी घेतले, धाकटे शिवरामही टीममध्ये होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने त्या विजयावर लिहिताना भर दिला तो पंगतीवर. पुण्यात यांच्याबरोबर फक्त खेळले, मुंबईत जेवलेही, आणि म्हणून जिंकले, असा त्यांचा सूर होता. जपानने रशियाला हरवून जेमतेम वर्ष उलटत होतं, वंगभंगाची चळवळ पेटलेली होती. अशा वेळी साहेबाला त्याच्याच खेळात हरवणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

मला मात्र त्या लेखातला हिशेब थोडा टोचतो. एकत्र जेवलो म्हणून जिंकलो. जिंकायचं नसतं तर? ब्रँच रिकी, ज्याने रॉबिन्सनला डॉजर्समध्ये आणलं, त्याच्याबद्दल अमेरिकेत हाच प्रश्न विचारतात. धार्मिक वृत्तीचा, तत्त्वाचा माणूस, हे खरं. पण जिंकायचंही होतं आणि तिकिटंही विकायची होती. शिवाय त्याने रॉबिन्सनला ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्समधून उचललं त्या टीमला एक डॉलरही दिला नाही. दार उघडणाऱ्यांचे हेतू तपासायला गेलं की असंच काहीतरी हाती लागतं. दारातून आत जाणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नसावा.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांच्या नेतृत्वाखाली पहिली अखिल भारतीय टीम इंग्लंडला गेली. टीमने मार खाल्ला, प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत १० पराभव. बाळूंनी मात्र दौऱ्यात सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. वय पस्तिशीचं. परत आल्यावर मुंबईतल्या दलित वस्त्यांनी त्यांचा सत्कार केला. ज्याचा फोटो छापून येतो, ज्याच्याबद्दल साहेब आदराने बोलतो असा आपल्यातला माणूस तोवर जवळपास नव्हताच. बाळूंचा अभिमान असणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकरही होते.

आणि इथून गोष्ट अवघड होत जाते.

१९३०च्या दशकात दलितांचं राजकारण कोणी करायचं यावर झगडा सुरू झाला. आंबेडकर स्वतंत्र मतदारसंघ मागत होते. बाळू एम. सी. राजांच्या बाजूचे, संयुक्त मतदारसंघवाले, गांधींच्या जवळचे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेची निवडणूक आली. भायखळा-परळमधून आंबेडकर उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभं केलं? बाळूंना. मतं पडली आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५. फरक २,०२० मतांचा. भारताच्या इतिहासातला एक मोठा ‘जर’ इथे लपलेला आहे, पण त्यात मी शिरत नाही.

आता १८ जुलै १९४९. वॉशिंग्टन. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीसमोर जॅकी रॉबिन्सन साक्ष देतोय. ही समिती कम्युनिस्ट शोधत फिरणारी. तिला पॉल रोबसन या गायक-अभिनेत्याच्या विरोधात बोलणारा कृष्णवर्णीय माणूस हवा होता. अमेरिकेतले कृष्णवर्णीय सोव्हिएत रशियाविरुद्ध लढणार नाहीत, अशा अर्थाचं रोबसन पॅरिसमध्ये बोलल्याच्या बातम्या होत्या. रॉबिन्सनने साक्ष दिली. त्यात वंशभेदावर त्याने कडक शब्दांत टीकाही केली, पण वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर गेलं ते रोबसनविरुद्धचं वाक्य. आणि हाच पॉल रोबसन डिसेंबर १९४३ मध्ये बेसबॉलच्या कमिशनरसमोर आणि मालकांसमोर उभा राहून म्हणाला होता की कृष्णवर्णीयांना खेळू द्या.

दोन्हीकडे चाल एकच. समाजातला सगळ्यात टोकदार आवाज गप्प करायचा असेल तर समाजातलाच सगळ्यात लाडका चेहरा समोर आणायचा. आणि लाडका चेहरा बहुधा खेळाडूचा असतो. रॉबिन्सनने शेवटच्या वर्षी आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं की रोबसनबद्दलचा त्याचा आदर वाढला आहे आणि आता बोलावलं तर तो जाणार नाही.

बाळूंना ‘वापरले गेले’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, माझ्या पिढीत ते लगेच म्हटलंही जातं. मला ते पटत नाही. ज्या माणसाने मातीच्या भांड्यापासून कपापर्यंतचा प्रवास स्वतः केला, रानडे आणि कीर्तिकरांसारखी माणसं ज्याच्यासाठी उभी राहिलेली त्याने पाहिली, त्याला हिंदू समाज आतून बदलेल असं वाटणं हा त्याच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. आंबेडकरांचा अनुभव वेगळा होता. बडोद्यात कोलंबियाची डिग्री घेऊन गेलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नव्हती. मत द्यायचं असतं तर मी आंबेडकरांना दिलं असतं. पण बाळूंच्या हातात बॉल होता आणि तो बॉल सगळे झेलत होते. आंबेडकरांकडे तसं काही नव्हतं.

तरी बाळूंच्या अनुभवातही एक जागा होती जिथे दार बंदच राहिलं. कप्तानपद. हिंदूंच्या टीमचे ते वर्षानुवर्षं सगळ्यात मोठे बोलर, पण कप्तान कधीच नाही. डिसेंबर १९२० मध्ये पुण्यात चौरंगी सामने होते. कप्तान पै आजारी पडले, तर पहिल्या सामन्यासाठी कप्तानपद प्रा. दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना टीममधूनच वगळण्यात आलं. धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम दोघांनी नावं मागे घेतली आणि वर्तमानपत्रातून जाहीरपणे सांगितलं की हा जातीचा प्रश्न आहे. भर हंगामात, टीमचे दोन चांगले बॅट्समन घरी बसले. आजही कोण करेल? लोकांचा दबाव आला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ परत आले, बाळू उपकप्तान झाले आणि बरे होऊन आलेले पै मध्येच काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ टीम बाळूंच्या हुकमावर चालली. बाळूंचा हा शेवटचा मोसम.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कप्तान झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली. टीममध्ये ब्राह्मण होते, आणि फिल्डिंग कुठे करायची हे त्यांना विठ्ठल सांगत होते. विठ्ठल यांनी नंतर मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’, १९४८ सालचं. थोरले बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत गेले.

बेसबॉलमध्ये कप्तानाला फारसा अर्थ नसतो. टीम चालवतो तो मॅनेजर. तो कडेला उभा राहून ठरवतो कोण पिच करेल, कोण बसेल. १९४७ नंतर कृष्णवर्णीय खेळाडू भराभर आले, स्टार झाले, पण मॅनेजर एकही नाही. पंचवीस वर्षं. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या सामन्याआधी रॉबिन्सनचा सत्कार झाला. त्याचे केस पांढरे झाले होते, मधुमेहाने नजर जवळजवळ गेली होती. आभार मानून झाल्यावर तो म्हणाला की मला खरा आनंद होईल तो मॅनेजरच्या जागी काळा चेहरा दिसेल तेव्हा. नऊ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, तो गेला. वय ५३.

८ एप्रिल १९७५ रोजी क्लीव्हलँडच्या टीमने फ्रँक रॉबिन्सनला मॅनेजर म्हणून उभं केलं. आडनाव सारखं, नातं काही नाही. तो तेव्हा खेळतही होता, त्यामुळे बॅटिंग ऑर्डरमध्ये स्वतःचंच नाव त्याने लिहिलं होतं. सामन्याआधी पहिला बॉल टाकायला जॅकीची पत्नी रेचेल आली होती. फ्रँक बॅटिंगला आला आणि पहिल्याच खेपेला त्याने होम रन मारला.